कोंड्यात गेलेले जीवनसत्त्व

हंगामात गोंदियाच्या एखाद्या राइस मिलमध्ये उभे राहून पाहा. एका टोकाला धानाची पोती रिकामी होत असतात आणि दुसऱ्या टोकाला त्याच धानाच्या तीन वाटा झालेल्या असतात. पहिल्या वाटेने तूस बाहेर पडते, ते भट्टीत जळते. दुसऱ्या वाटेने पांढरा स्वच्छ तांदूळ येतो, तो आपल्या ताटात. तिसऱ्या वाटेने तपकिरी, मऊ, हाताला किंचित तेलकट लागणारी भुकटी पडत असते. तो कोंडा. सरकारी भरडाईच्या हिशेबात शंभर किलो धानाचा साधा तांदूळ ६७ किलो आणि उष्णा ६८ किलो धरतात. कोंडा त्या मानाने थोडा, पाच-आठ किलो. तो तेल काढायला जातो किंवा म्हशीच्या घमेल्यात पडतो. आपल्या धानातला सर्वांत पौष्टिक भाग म्हैस खाते, असे मी म्हटले तर वाचक हसतील, पण ते अक्षरशः खरे आहे.

त्या कोंड्यात तेल आहे, प्रथिने आहेत, लोह आहे. पण आजचा लेख त्यातल्या एकाच द्रव्याबद्दल आहे. त्याचे नाव थायमिन, म्हणजेच जीवनसत्त्व 'ब-१'. ज्या जिल्ह्यात सकाळ-संध्याकाळ भात शिजतो त्या जिल्ह्यातल्या माणसाने हे नाव माहीत करून घ्यावे, असे मला वाटते.

थायमिनचे काम समजायला चूल डोळ्यांपुढे आणा. चुलीत लाकडे भरपूर आहेत, पण वारा लागत नाही. लाकूड पेटत नाही, नुसता धूर कोंडतो. आपण खाल्लेल्या भाताची शरीरात साखर होते आणि ती साखर पेशींमध्ये जळून शक्ती मिळते. या जळण्याच्या एका मोक्याच्या पायरीवर थायमिन लागते. ते नसेल तर साखर अर्धवट जळते, आम्ल साठते आणि पोट भरलेले असूनही पेशी उपाशी राहते. सर्वांत आधी ज्यांना अखंड इंधन लागते ते अवयव हतबल होतात: मेंदू, मज्जातंतू आणि हृदय. म्हणून भात जितका जास्त खाल तितके थायमिनही जास्त लागते. निसर्गाने धानाच्या दाण्यात दोन्ही एकत्रच दिले होते. ते वेगळे आपण केले.

थायमिन पाण्यात विरघळते आणि शरीरात त्याचा मोठा साठा होत नाही. सगळा मिळून २५ ते ३० मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभरही नाही. आहारातून ते बंद झाले तर दोन-तीन आठवड्यांत साठा रिता होऊ लागतो.

आता थोडी आकडेमोड करू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीय अन्नपदार्थांचे जे कोष्टक अनेक वर्षे वापरात ठेवले, त्यात शंभर ग्रॅम कोंड्यात २.७ मिलिग्रॅम थायमिन दिले आहे. हातसडीच्या साध्या तांदळात ०.२१ आणि गिरणीत पॉलिश केलेल्या साध्या तांदळात, गिरणीवाले ज्याला अरवा म्हणतात त्यात, अवघे ०.०६. मोठ्या माणसाची दिवसाची गरज साधारण दीड ते दोन मिलिग्रॅम, आणि परह्यांच्या रोवणीत दिवसभर चिखलात वाकणाऱ्या बाईची त्याहूनही जास्त. रोज अर्धा किलो अरवा तांदूळ खाणाऱ्याला त्यातून ०.३ मिलिग्रॅम मिळते. तेही तांदूळ धुण्यापूर्वी. उरलेले सगळे वरणातून, भाजीतून, शेंगदाण्यांतून यायला हवे. ते ताटात असेल तर चिंता नाही. ज्या ताटात भात, मीठ आणि मिरचीचा ठेचाच आहे, तिथे हिशेब जुळत नाही.

याच कोष्टकात आणखी एक आकडा आहे आणि तो आपल्या जिल्ह्याच्या कामाचा आहे. गिरणीतच भरडलेल्या, पण आधी उकडलेल्या धानाच्या तांदळात, म्हणजे उष्ण्यात, ०.२१ मिलिग्रॅम थायमिन असते. अरव्याच्या तिपटीहून अधिक. गिरणी तीच, पॉलिश तसेच, मग फरक कशाने पडला? धान तुसासकट भिजवून वाफेवर उकडले की कोंड्याच्या थरातले थायमिन पाण्याबरोबर दाण्याच्या आत शिरते आणि दाणा वाळला की तिथेच बसते. नंतर वरचा थर घासला गेला तरी आतले शिल्लक राहते. पोहे आणि मुरमुरे यांचीही हीच कथा. त्यांचे धान आधी भिजवलेले-तापवलेले असते, म्हणून त्यांतही ०.२१ आढळते. आपल्याकडे उष्ण्याला पिवळट म्हणून, वास येतो म्हणून नाक मुरडतात. पाहुण्यांना तर कोणी वाढतच नाही. ज्या आजीबाईंनी धान उकडायला सुरुवात केली त्यांना जीवनसत्त्व हा शब्द ठाऊक नव्हता, पण त्यांची पद्धत बिनचूक होती.

ही गोष्ट जगाला कळायला फार माणसे मरावी लागली. या रोगाचे नाव बेरीबेरी. १८८२ साली जपानी आरमाराचे र्‍यूजो हे जहाज लांबच्या सफरीवर निघाले. नऊ महिन्यांत जहाजावरच्या ३७६ जणांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाला आणि २५ जण दगावले. खलाशांचे मुख्य अन्न पांढरा भात. ताकाकी कानेहिरो या आरमारी डॉक्टरला संशय आला. १८८४ साली त्याच मार्गाने दुसरे जहाज पाठवताना त्याने शिध्यात मांस, दूध, जव आणि कडधान्ये वाढवायला लावली. या खेपेस बेरीबेरीने एकही मृत्यू झाला नाही. कारण मात्र ताकाकींनी चुकीचे लावले होते. प्रथिने कमी पडतात, असे त्यांचे मत होते. उपाय बरोबर आणि कारण चूक, असे वैद्यकात पुष्कळदा घडते.

खरे कारण कोंबड्यांनी दाखवले. जावा बेटावर बटाव्हियाच्या लष्करी रुग्णालयात क्रिस्तियान आइकमान हे डच डॉक्टर बेरीबेरीचा जंतू शोधत होते. त्यांच्या कोंबड्यांचे पाय एकाएकी लुळे पडू लागले आणि काही दिवसांनी आपोआप बरेही झाले. चौकशी केली तेव्हा कळले, की मधल्या काळात कोंबड्यांना रुग्णालयातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. नवा आचारी आला आणि सरकारी भात बिनसरकारी कोंबड्यांना देणार नाही म्हणून अडून बसला. मग त्यांना पुन्हा बिनसडीचा तांदूळ मिळू लागला आणि पाय सुधारले. त्या आचाऱ्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. आइकमान यांना मात्र १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे फॉर्डरमान यांनी जावातल्या शंभराच्या वर तुरुंगांची पाहणी केली. पांढरा तांदूळ शिजणाऱ्या तुरुंगांत दर ३९ कैद्यांमागे एकाला बेरीबेरी होता, तर बिनसडीचा शिजणाऱ्या तुरुंगांत दहा हजारांत एखाद्याला.

उष्ण्याची परीक्षा मलायात झाली. तिथे खाणींत काम करणारे चिनी मजूर पांढरा तांदूळ खात आणि बेरीबेरीने मरत. मळ्यांवरचे तमिळ मजूर हिंदुस्थानातून येणारा उष्णा खात आणि त्यांना हा रोग क्वचितच होई. १९०५ साली क्वालालंपूरच्या मनोरुग्णालयात डॉ. फ्लेचर यांनी रुग्णांचे दोन गट केले आणि एकाला साधा पांढरा, दुसऱ्याला उष्णा तांदूळ दिला. पांढऱ्याच्या गटातले १८ जण बेरीबेरीने मेले, उष्ण्याच्या गटातला एकही नाही. आज असा प्रयोग करायला कोणी परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे.

आपल्या देशात हा रोग मुख्यतः आंध्रच्या उत्तर किनारपट्टीवर होता. तिथे उष्ण्याची चाल नव्हती. गिरणीचा अरवा तांदूळच घरोघरी शिजे. त्याच्या दक्षिणेला उष्णा खाणाऱ्या तमिळ मुलखात गरिबी काही कमी नव्हती, पण बेरीबेरी तुरळक होता. निलगिरीतल्या कुन्नूरच्या प्रयोगशाळेत मॅक्कॅरिसन आणि नंतर एक्रॉइड यांनी तांदळाचा हा प्रश्न बारकाईने अभ्यासला. तीच प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. विदर्भाचाही यात वाटा आहे. १९३४ च्या डिसेंबरात वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीतून महात्मा गांधी व जे. सी. कुमारप्पा यांनी हातसडीच्या तांदळाचा पुरस्कार सुरू केला. त्यामागे खेड्यातल्या हाताला काम हा विचार होताच, पण पॉलिशमध्ये पोषण जाते हेही त्यांनी लोकांना सांगितले. तरीही उखळ-मुसळ मागे पडले. बायकांचे कष्ट वाचले, यात वाईट काहीच नाही. पहाटे उठून धान कांडणाऱ्या बाईला पुन्हा उखळापाशी बसा, असा सल्ला मी तरी देणार नाही.

आता रोगाविषयी. ठळक बेरीबेरी आपल्या भागातल्या दवाखान्यांत सहसा दिसत नाही, कारण पोळी आणि तुरीचे वरण बहुतेक घरांत पोचले आहे. पण अर्धवट कमतरता असते आणि ती ओळखू येत नाही. भूक मंदावते, थकवा येतो, चिडचिड होते, पोटऱ्या दाबल्या की दुखतात, तळपायांना मुंग्या येतात आणि जळजळ होते. पुढे पायांतली शक्ती जाते, उकिडवे बसले तर उठवत नाही. याला कोरडा बेरीबेरी म्हणतात. दुसऱ्या प्रकारात पायांवर सूज येते, छाती धडधडते, चालताना दम लागतो. तो ओला बेरीबेरी, आणि त्यात हृदयच थकलेले असते. मुंग्या मधुमेहातही येतात आणि ब-१२ कमी असले तरी येतात. सूज मूत्रपिंडाच्या आणि हृदयाच्या इतर रोगांतही येते. म्हणून लेख वाचून निदान करू नये, तपासून घ्यावे. आपल्या भागात आणखी एक घोटाळा होतो. लाखोळीची डाळ दीर्घकाळ आणि भरपूर खाल्ल्याने पाय जातात, हे जुन्या लोकांना माहीत आहे. पण लाखोळीत पाय ताठरतात, कात्रीसारखे एकमेकांवर पडतात. बेरीबेरीत ते ढिले आणि बधिर होतात.

सर्वांत धोक्यात असते ते अंगावर पिणारे बाळ. आईच्या आहारात थायमिन नसेल तर दुधातही उतरत नाही. आई वरून चांगली दिसत असते; मूल दोन-तीन महिन्यांचे होते आणि एकाएकी दूध सोडते, उलट्या करते, भराभर श्वास घेते, रडताना आवाज बसल्यासारखा किंवा नुसताच तोंडाचा आकार, आवाज नाही. काही तासांत हृदय थकून मूल दगावू शकते. ही जुन्या पुस्तकातली गोष्ट नाही. गेल्या काही वर्षांत काश्मीरमध्ये आणि कर्नाटकात बालरोगतज्ज्ञांना अशी मुले आढळली. त्यांच्या आया बाळंतपणानंतर पथ्य म्हणून बहुतेक पांढऱ्या भातावरच होत्या. थायमिनचे इंजेक्शन दिल्यावर यातली पुष्कळ मुले काही तासांत सुधारली. वैद्यकात इतके स्वस्त औषध इतक्या झटपट क्वचितच काम करते.

म्हणून आपल्या घरातल्या सासूबाईंना आणि आजीबाईंना माझी विनंती आहे. बाळंतिणीला वरण दिले तर बाळाच्या पोटात वारा धरतो, भाजी दिली तर बाळाला हगवण लागते, शेंगदाणे दिले तर खोकला होतो, या समजुतींपायी तिला आठ-पंधरा दिवस आणि कुठे महिना-सव्वा महिना तूप-भातावर ठेवतात. तूप द्या, त्याला माझी ना नाही. पण तुपात थायमिन नाही आणि पांढऱ्या भातातही नाही. याच दिवसांत तिची गरज सर्वांत जास्त असते. मुगाचे वरण, तिळाची चटणी किंवा लाडू, गव्हाच्या पिठाची खीर, अंडे चालत असेल तर अंडे, हे पहिल्या दिवसापासून चालते. बाळाला धाप लागली, दूध सुटले तर घरी थांबू नका. न्यूमोनिया असो की दुसरे काही, ते दवाखान्यातच कळेल. अंगावर पाजणे मात्र बंद करू नये.

दुसरा धोका दारूचा. मोहाची असो की दुकानातली, दारू पिणारा माणूस जेवत कमी असतो, त्यातले थायमिन आतड्यातून नीट शोषले जात नाही आणि बिघडलेल्या यकृताला ते साठवता येत नाही. असा माणूस एके दिवशी गोंधळतो, तोल जातो, डोळे नीट फिरत नाहीत, एकाचे दोन दिसतात. घरचे म्हणतात, जास्त झाली असेल, झोपू द्या. कोणी म्हणतो, बाहेरचे आहे. हा थायमिनच्या अभावाने मेंदूवर आलेला घाला असू शकतो. वेळीच शिरेतून थायमिन दिले तर उतार पडतो. उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाते आणि माणूस काल काय खाल्ले हेही न आठवून मनाने गोष्टी रचून सांगू लागतो.

इथे सलाईनबद्दल बोलायलाच हवे. अशक्तपणा आला की सलाईन लावा, हा आपल्याकडचा हट्ट प्रत्येक डॉक्टरला माहीत आहे. सलाईनच्या पुष्कळ बाटल्यांत ग्लुकोज असते. ज्याच्या शरीरात थायमिन संपत आले आहे त्याला एकदम ग्लुकोज दिले, तर उरलेसुरले थायमिन ते जाळण्यात खर्ची पडते आणि मेंदूचा त्रास उलट वाढू शकतो. म्हणून दारू पिणारा, कित्येक दिवस उपाशी असलेला किंवा गरोदरपणात आठवडे उलट्या होत असलेल्या बाईला सलाईन लावायची वेळ आली, तर नातेवाइकांनी ही माहिती आपणहून डॉक्टरांना द्यावी. 'हे रोज पितात', 'हिच्या पोटात पंधरा दिवस अन्न ठरलेले नाही', एवढे एक वाक्य पुरते. ते ग्लुकोजच्या आधी किंवा बरोबर थायमिन देतील. घरचे लोक लाजेने दारूचे सांगत नाहीत, आणि नेमके तेच सांगायला हवे असते. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू असलेल्या हृदयरोग्यांतही थायमिन लघवीवाटे जाते. त्यांनीही पुढच्या खेपेस डॉक्टरांना विचारावे.

खर्ऱ्याचे नाव काढले की आपले वाचक पान उलटतात, हे मला माहीत आहे. पण सुपारीतली तुरट द्रव्ये थायमिन निकामी करतात. जेवणाला चिकटून घेतलेला कडक चहाही तेच करतो. तोंडाच्या कर्करोगाचे भय घालून ज्यांचा खर्रा सुटला नाही, त्यांचा थायमिनसाठी सुटेल, अशा भ्रमात मी नाही. निदान जेवणानंतर तासभर तरी तो तोंडात टाकू नये.

स्वयंपाकघरात काय करता येईल? तांदूळ चार पाण्यांतून चोळून धुतला तर असलेल्या थायमिनपैकी बराच भाग मोरीत जातो. निवडून एकदा-दोनदा हलक्या हाताने धुणे पुरे. भात वेळून पेज फेकू नये. पाणी बेताचे घालून ते भातातच जिरवावे, किंवा काढलेली पेज मीठ घालून प्यावी. रात्रीच्या बासी भातावरचे पाणीही पिण्याचेच असते, फेकण्याचे नव्हे. डाळ लवकर शिजावी म्हणून खाण्याचा सोडा घालण्याची सवय काही घरांत आहे. सोड्याने थायमिन नष्ट होते. त्यापेक्षा डाळ तासभर भिजत घालावी. शंभर ग्रॅम तूरडाळीत ०.४५, हरभरा डाळीत ०.४८, अख्ख्या मुगात ०.४७, गव्हाच्या कणकेत ०.४९, शेंगदाण्यात ०.९ आणि तिळात १ मिलिग्रॅम थायमिन आहे. थंडीतल्या पोपटाच्या शेंगांचे वाळलेले दाणेही यात मागे नाहीत. मैद्यात मात्र ०.१२ च. बिस्किटे-टोस्टवर वाढणाऱ्या मुलांच्या आयांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

रेशनच्या पोषणयुक्त तांदळाबद्दलही लोक विचारतात. २०२१ साली ही योजना जाहीर झाली आणि नंतर शंभर दाण्यांमागे एक या प्रमाणात पिठापासून बनवलेले दाणे मिसळलेला तांदूळ दुकानांत आला. 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून कुठे कुठे लोकांनी ते दाणे वेचून फेकले. ते प्लास्टिक नव्हे. त्यात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ ही तीन द्रव्ये घालणे बंधनकारक होते. ब-१ त्यात ऐच्छिक होते, म्हणून थायमिनसाठी या तांदळावर विसंबून चालत नाही.

'मग डॉक्टर, सरळ कोंडाच खाऊ का?' असे मला विचारतात. आपल्या भाषेत कोंड्याचा मांडा करणे म्हणजे गरिबीत निभावून नेणे. पोषणाच्या दृष्टीने तो मांडा वाईट नव्हता. १९१० च्या सुमारास फिलिपाइन्समध्ये रॉबर्ट विल्यम्स या रसायनतज्ज्ञाने कोंड्याचा अर्क मरणपंथाला लागलेल्या बाळांच्या तोंडात थेंबथेंब घालून ती वाचताना पाहिली आणि पुढे २६ वर्षे त्यातले द्रव्य शोधण्यात घालवली. १९३६ साली त्याने थायमिनची रचना उलगडून ते प्रयोगशाळेत बनवले. हा विल्यम्स जन्मला होता आपल्याच देशात, नेल्लोरला. पण गिरणीचा कोंडा जनावरांसाठी साठवलेला असतो, त्यात तूस, धूळ आणि औषधफवारणीचा अंश असतो, आणि तेलामुळे तो काही दिवसांत खवट होतो. तो खाऊ नये.

त्याऐवजी घरचे धान भरडायला नेताना गिरणीवाल्याला पॉलिश कमी ठेवायला सांगावे. असा तांदूळ किंचित लालसर दिसतो, शिजायला थोडा वेळ घेतो, म्हणून अर्धा तास भिजवून त्याच पाण्यात शिजवावा. कोंड्याचा थर अंगावर असल्याने तो फार टिकत नाही, जाळी लवकर धरते. तेव्हा वर्षाचे धान एकदम भरडू नये. धान कणगीत किंवा पोत्यातच राहू द्यावे आणि महिन्याला लागेल तेवढेच गिरणीवर न्यावे.